उच्च शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा?

(कल्याण येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील विद्यार्थी युरोपातील विद्यापीठांकडे अर्ज करू लागले आहेत, अशा बातम्या अलीकडे वरचेवर वाचावयास मिळतात. २०२५ साली ब्रिटनमधील पदवी-प्रवेशाचे काम पाहणाऱ्या मध्यवर्ती संस्थेकडे जूनअखेरपर्यंत सुमारे आठ हजार अमेरिकन विद्यार्थ्यांनी अर्ज केले. त्या देशातून आलेल्या अर्जदारांची ही तोपर्यंतची सर्वांत मोठी संख्या होती. जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड ह्या देशांची चौकशीही तेथील पालक करीत असतात. जगातील अत्यंत धनाढ्य राष्ट्रातील तरुणाने पदवीसाठी समुद्र ओलांडावा, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते.

ह्या बातमीचा कल्याणशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. कल्याण-डोंबिवलीतील कितीतरी घरांत आज जर्मनीतील विद्यापीठांचे अर्ज भरले जात आहेत. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत २०२२-२३ ह्या वर्षी भारतीयांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकून पहिला क्रमांक घेतला. २०२३-२४ मध्ये त्यांची संख्या सुमारे ४९ हजारांवर गेली. म्हणजे कॅलिफोर्नियातील विद्यार्थी आणि कल्याणचा विद्यार्थी आज एकाच खिडकीपुढे, एकाच रांगेत उभे आहेत. दोघांना तेथे आणणारे कारणही बव्हंशी एकच आहे. उच्च शिक्षणाचा खर्च समाजाने सोसावयाचा की विद्यार्थ्याने, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या दोघांच्या देशांनी एकाच दिशेने दिले, हे ते कारण होय.

जुना प्रवाह

अमेरिकन विद्यार्थ्यांनी युरोपात जाणे मुळीच नवे नाही. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या शंभर वर्षांत सुमारे नऊ हजार अमेरिकन जर्मन विद्यापीठांतून शिकून गेले. संशोधनाला वाहिलेले विद्यापीठ ही कल्पना तेव्हा अमेरिकेत रुजलेली नव्हती. १८७६ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ निघाले ते जर्मन नमुना डोळ्यांपुढे ठेवूनच.

दुसरे कारण अधिक कटू होते. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. सुझन डिमॉक ह्या तरुणीला हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाने प्रवेश नाकारला, तेव्हा ती झुरिकला गेली आणि १८७१ मध्ये डॉक्टर झाली. त्याच वर्षी मेरी पटनम हिने पॅरिसमध्ये वैद्यकाची पदवी मिळविली. केरी थॉमस हिने १८८२ साली झुरिकमध्ये डॉक्टरेट घेतली आणि पुढे ती अमेरिकेतील ब्रिन मॉर ह्या स्त्रियांच्या महाविद्यालयाची अध्यक्ष झाली. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाने स्त्रियांना प्रवेश दिला तो १९४५ मध्ये.

केरी थॉमसने झुरिकची पदवी घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८३ साली, कल्याणची एक मुलगी अमेरिकेस निघाली. आनंदीबाई जोशी ह्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी ह्यांच्याशी नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व आणि दहा दिवसांत मुलाचा मृत्यू, एवढे दुःख भोगून झाल्यावर त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरविले. गोपाळरावांनी एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील नियतकालिकात छापून आले. ते न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर ह्यांच्या वाचनात आले आणि त्यांनी आपल्या घराचे दार ह्या अनोळखी मुलीसाठी उघडले. फिलाडेल्फियाचे जे वैद्यकीय महाविद्यालय आनंदीबाईंना लाभले, ते १८५० साली खास स्त्रियांसाठी स्थापन झालेले होते. मोठ्या विद्यापीठांनी ज्यांना बाहेर ठेवले, त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेनेच कल्याणच्या मुलीला आत घेतले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१८८६ मध्ये आनंदीबाई पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती; परंतु क्षयाने त्यांना गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांच्या धैर्याचा गौरव पुष्कळ झाला आहे. त्यांच्या प्रवासाच्या अर्थकारणाकडे मात्र क्वचितच कोणी पाहिले. त्यांच्यापाठी बँकेचे कर्ज नव्हते. स्वतःचे दागिने, लोकांनी दिलेली मदत आणि परदेशातील एका कुटुंबाने दिलेला आसरा ह्यांवर ते शिक्षण उभे राहिले. ज्या इस्पितळात त्या रुजू होणार होत्या तेही सार्वजनिकच होते. समाजाच्या मदतीने घेतलेले शिक्षण समाजाच्या सेवेसाठी परत येत होते.

गुरू आणि शिष्य

ह्याच प्रवाहाचा दुसरा धागा अर्थशास्त्राच्या इतिहासात सापडतो. एडविन सेलिग्मन हा अमेरिकन विद्यार्थी १८७९ नंतर बर्लिन, हायडेलबर्ग, जिनीव्हा आणि पॅरिस येथे शिकला आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा प्राध्यापक झाला. ज्याचे उत्पन्न अधिक त्याने चढत्या दराने कर द्यावा, ह्या तत्त्वाचा पुरस्कार करणाऱ्यांत त्याचे नाव अग्रभागी आहे. १९१३ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत दुरुस्ती होऊन संघीय प्राप्तिकराचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन एक महाराष्ट्रीय विद्यार्थी सेलिग्मनच्या वर्गात दाखल झाला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मनचीच आहे.

बाबासाहेबांचे विदेशी शिक्षण किती वेळा पैशापायी अडले, ह्याचा हिशेब मांडला पाहिजे. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्यानंतर सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले, राजर्षी शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भाथेना ह्या स्नेह्याकडून उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना डी.एस्‌सी. मिळाली. बुद्धी तीच, विद्यापीठ तेच, विषयही तोच. मध्ये तीन वर्षे गेली ती केवळ पैशाअभावी.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ह्यांची कहाणी ह्याच्याशी किती मिळतीजुळती आहे! १८९२ ते १८९४ ते बर्लिन विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. तेथील डॉक्टरेटसाठी आणखी काही सत्रे राहणे आवश्यक होते. पण ज्या निधीने त्यांना पाठविले होते त्याने मुदत वाढवून दिली नाही. बर्लिनची पदवी हुकली आणि डॉक्टरेट त्यांनी १८९५ मध्ये हार्वर्डहून घेतली. जयप्रकाश नारायण १९२२ मध्ये अमेरिकेत गेले, तेव्हा बर्कलीच्या विद्यापीठात परक्या विद्यार्थ्यांचे शुल्क एकाएकी दुप्पट झाले आणि त्यांना आयोवा गाठावे लागले. मळ्यांत आणि कारखान्यांत राबून त्यांनी शिक्षण पुरे केले.

ह्या उदाहरणांतून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे येते. विद्यापीठाने प्रवेश देणे म्हणजे शिक्षण मिळणे नव्हे. शुल्क हा अडथळा खरा. परंतु शुल्काइतकाच, पुष्कळदा त्याहून मोठा अडथळा असतो तो राहण्या-जेवण्याचा.

अमेरिकेने दार कसे लावले

आज अमेरिकन विद्यार्थी घर का सोडतो? त्याच्या देशात उत्तम विद्यापीठांची वाण नाही. तेथील सार्वजनिक उच्च शिक्षणाची परंपराही एकेकाळी अभिमानास्पद होती. १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनींच्या उत्पन्नातून राज्याराज्यांत महाविद्यालये उभी राहिली. न्यूयॉर्क शहराने १८४७ साली कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी विनाशुल्क विद्यालय काढले. त्यातून वाढलेल्या नगर-विद्यापीठाने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ती परंपरा पाळली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या लाखो सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिकविले, आणि त्या कायद्याने शुल्काबरोबर निर्वाहभत्ताही दिला होता.

मग वारे फिरले. कॅलिफोर्नियात १९६६ मध्ये रोनाल्ड रेगन गव्हर्नर म्हणून निवडून आले, आणि १९७० च्या सुमारास राज्य विद्यापीठात शिक्षणशुल्काचा शिरकाव झाला. न्यूयॉर्क शहर १९७५-७६ मध्ये आर्थिक संकटात सापडले, तेव्हा सावकारांच्या दडपणाखाली नगर-विद्यापीठाची विनाशुल्क परंपरा मोडली. शिक्षण ही सार्वजनिक गरज नसून पदवीधराची खाजगी गुंतवणूक आहे, असे अर्थशास्त्र त्या काळात शिकविले जाऊ लागले. गुंतवणूक म्हटली की भांडवल आले, आणि ज्याच्यापाशी भांडवल नाही त्याच्यासाठी कर्ज आले.

परिणाम आज डोळ्यांपुढे आहे. खाजगी महाविद्यालयाचे सरासरी वार्षिक शुल्क चाळीस हजार डॉलरांच्या वर गेले आहे. चार कोटींहून अधिक अमेरिकनांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्ज असून त्याची बेरीज दीड लाख कोटी डॉलरांच्याही पुढे जाते. ह्यातील काही भाग माफ करण्याची अध्यक्ष बायडन ह्यांची योजना २०२३ च्या जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली. दिवाळखोरी जाहीर करूनही ह्या कर्जातून सुटका होणे अत्यंत दुरापास्त असते. अशा घरातील मुलगा युरोपच्या नकाशाकडे पाहू लागला, तर त्यात नवल कसले?

जर्मनीने दार कसे उघडे ठेवले

जर्मनीतील सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. सत्रागणिक थोडी वर्गणी तेवढी द्यावी लागते. हे वाचून आपल्याकडे ‘जर्मनीत फुकट शिकवितात’ असे सर्रास म्हटले जाते. फुकट काहीच नसते. प्राध्यापकांचे पगार, प्रयोगशाळा, ग्रंथालये ह्यांचा खर्च तेथेही होतो. तो जर्मन करदाता सोसतो. खर्च नाहीसा झालेला नाही, तो कोणी द्यावयाचा एवढे ठरलेले आहे.

आणि ते आपोआप ठरलेले नाही. पश्चिम जर्मनीत विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर १९७० मध्ये व्याख्यानशुल्क रद्द झाले. १९७१ मध्ये विली ब्रांट ह्यांच्या सरकारने गरजू विद्यार्थ्यांच्या निर्वाहाचा कायदा केला, कारण शुल्क नसले तरी गिरणी कामगाराचा मुलगा परगावी जेवणार कोठे, हा प्रश्न उरतोच. पुढे २००५ मध्ये तेथील घटना न्यायालयाने शुल्कबंदीचा केंद्रीय कायदा रद्द केला आणि सात राज्यांनी सत्रास पाचशे युरोपर्यंत शुल्क बसविले. त्याविरुद्ध विद्यार्थी, कामगार संघटना आणि पालक उभे राहिले. हेसेने २००८ मध्ये शुल्क मागे घेतले. बव्हेरियात २०१३ च्या जानेवारीत तेरा लाखांहून अधिक मतदारांनी नगरपालिकांच्या कचेऱ्यांत स्वतः जाऊन शुल्काविरुद्ध सह्या केल्या, आणि तेथील पुराणमतवादी सरकारलाही नमावे लागले. शेवटी लोअर सॅक्सनीने २०१४ मध्ये शुल्क उठविले. एकदा बसलेले शुल्क पुन्हा उठत नाही, असे सांगणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा.

तथापि युरोपचे चित्र सगळेच उजळ नाही. परक्या विद्यार्थ्यांपुरते हे दार हळूहळू किलकिले होत चालले आहे. डेन्मार्कने २००६ मध्ये, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये आणि नॉर्वेने २०२३ मध्ये युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क लावले. जर्मनीतही बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून त्यांच्याकडून सत्रास दीड हजार युरो घेते, आणि म्युनिचच्या तंत्र विद्यापीठाने २०२४ पासून सत्रास दोन ते सहा हजार युरो आकारण्यास आरंभ केला. ब्रिटनने तर १९८० पासूनच परदेशी विद्यार्थ्यास पूर्ण खर्चाचे बिल दिले, आणि नंतर आपल्या मुलांचेही शुल्क २०१२ मध्ये नऊ हजार पौंडांवर नेले. परक्यापासून सुरू झालेली वसुली घरच्यापर्यंत पोहोचावयास वेळ लागत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

कल्याणचा हिशेब

आता कल्याणच्या घराकडे वळू. हे शहर रेल्वेने आणि कारखान्यांनी वाढविले. मोहोन्याचा एनआरसी, शहाडचे रेयॉन, लोकोशेड, अंबरनाथचा दारूगोळा कारखाना, मुंबईच्या गिरण्या ह्यांच्या पगारावर येथली एक पिढी शिकली. त्या पिढीला अनुदानित शाळा-महाविद्यालये मिळाली, आणि तिची मुले कारकून, शिक्षक, अभियंते झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या. २००९ मध्ये एनआरसी बंद पडला आणि हजारो कामगार आपल्या थकलेल्या देण्यांची वाट पाहत राहिले. इकडे १९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या हे खरे. पण त्या जागांचा खर्च सरकारी तिजोरीवरून उतरून पालकाच्या खांद्यावर आला. १९८७ मध्ये कॅपिटेशन फी रोखण्यासाठी कायदा करण्याची पाळी यावी, ह्यातच त्या धोरणाचे फलित दिसते.

अशा महाविद्यालयातून चार वर्षांचे शुल्क भरून बाहेर पडलेला मुलगा जेव्हा जर्मनीचे नाव काढतो, तेव्हा घरात पहिला आनंद होतो तो ‘तिकडे फी नाही’ ह्याचा. नंतर हिशेब सुरू होतो. प्रमाणपत्रांच्या तपासणीसाठी, जी २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीयांना बंधनकारक झाली, अठरा हजार रुपये. प्रत्येक अर्जाचे शुल्क वेगळे. भाषेच्या शिकवणीचे वेगळे. आणि व्हिसासाठी एका वर्षाचा निर्वाहखर्च बंद खात्यात आगाऊ ठेवावा लागतो. २०२४ मध्ये ठरलेली ती रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये आहे. रांग एकच असली तरी तिच्यातली माणसे सारखी नाहीत. अमेरिकन नागरिकास व्हिसावाचून जर्मनीत उतरून तेथे परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्याला ह्या तपासणीचे प्रमाणपत्रही लागत नाही. कल्याणच्या विद्यार्थ्यास मात्र मुलाखतीच्या तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते.

दोन वर्षांचा निर्वाह, विमानप्रवास, विमा ही सारी बेरीज वीस लाखांच्या पुढे सहज जाते. साडेसात लाखांहून मोठ्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सामान्यतः तारण मागतात, आणि मध्यमवर्गीय कामगाराकडे तारण एकच असते: जन्मभर हप्ते भरून नुकतेच मोकळे झालेले घर. वीस लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडावयाचे तर महिन्यास सुमारे साडेसव्वीस हजारांचा हप्ता येतो आणि एकूण परतफेड एकतीस लाखांवर जाते; अभ्यासकाळात साचणारे व्याज त्याच्यावर आणखी.

ह्या आकड्यांत एक सामाजिक निर्णय दडलेला आहे. २०१० साली एक युरो साठ रुपयांच्या आसपास होता. आज तो शंभरीला भिडलेला आहे. भारतातील नवख्या अभियंत्याच्या पगारात साडेसव्वीस हजारांचा हप्ता बसत नाही. युरोतील पगारात तो बसतो. म्हणून ज्या दिवशी बापाने घर गहाण ठेवले, त्याच दिवशी मुलाने परत यावयाचे नाही हे जवळजवळ ठरून जाते. त्याचे देशप्रेम कमी असते असे मुळीच नाही. त्याला परतणे परवडत नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीने बाबासाहेबांना संस्थानच्या सेवेशी करारबद्ध केले होते, आनंदीबाईंची वाट कोल्हापूरचे इस्पितळ पाहत होते. आजच्या विद्यार्थ्याची वाट बँक पाहत असते. शिष्यवृत्तीने माणूस समाजाचा ऋणी होतो आणि कर्जाने बाजाराचा. मग पदवीधर समाजाकडे पाठ फिरवितात म्हणून त्यांना दूषण देण्यात काय अर्थ?

एक गंभीर आक्षेप

ह्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. उच्च शिक्षण घेणारे मूठभर, कर देणारे सर्व. शेतमजुराने काडेपेटीवर भरलेल्या करातून अभियंत्याचे शिक्षण का व्हावे? पुढे जाऊन त्या अभियंत्याचा पगार शेतमजुराच्या कितीतरी पट असतो, आणि तो परदेशी स्थायिक झाला तर त्या मजुराच्या पदरी काहीच पडत नाही.

हा आक्षेप टाळून चालणार नाही. त्याचे उत्तर सेलिग्मनच्या वर्गात मिळते. कर जर प्रामुख्याने वस्तूंवर बसविलेला असेल, तर आक्षेप पूर्णपणे खरा आहे. कर जर उत्पन्नावर आणि संपत्तीवर चढत्या दराने असेल, तर ज्याला शिक्षणाने समृद्धी आली तोच आपल्या मिळकतीच्या प्रमाणात शिक्षणाचे देणे फेडतो. आणि जो शिकूनही गरीब शिक्षक, परिचारिका किंवा खेड्यातला डॉक्टर राहिला, त्याच्यावर हप्त्याचा बोजा पडत नाही. कर्ज माणसाची ऐपत पाहत नाही. पुरोगामी कर ती पाहतो. भारतात १९८५ मध्ये वारसा मालमत्तेवरील कर गेला, २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्तीकर गेला, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांच्या कराचे दर उतरले. वस्तू व सेवा कर मात्र साऱ्यांना सारखाच भरावा लागतो. तेव्हा विनाशुल्क उच्च शिक्षणाची मागणी करणाऱ्याने न्याय्य करांची मागणी त्याच श्वासात केली पाहिजे. एक सोडून दुसरी मागणे म्हणजे शेतमजुराच्या पैशाने मध्यमवर्गाची सोय पाहणे होईल. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाचे उद्दिष्ट सांगितले. ते आजही गाठलेले नाही. पैसा नाही म्हणून ते राहिले असे नव्हे. पैसा कोणाकडून घ्यावयाचा, ह्याचे धैर्य झाले नाही.

वसतिगृहाची शिकवण

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बर्लिनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. विली ब्रांट ह्यांच्या सरकारने १९७१ साली जे ओळखले, ते कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्येच ओळखले होते. बहुजनांच्या मुलांसाठी शाळा उघडून भागत नाही, त्यांच्या भाकरीची व निवाऱ्याची सोय केली पाहिजे, हे जाणून त्यांनी वसतिगृहे काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसविणारे वसतिगृह चालविले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना म्हणजे निर्वाहखर्चाच्या प्रश्नाला एका गरीब समाजाने स्वकष्टाने दिलेले उत्तर होते.

आजच्या शासकीय योजनांत ह्या शिकवणीचे अंश आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास व दुर्बल घटकांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्याचे मनःपूर्वक स्वागत केले पाहिजे. परंतु मुरबाड-शहापूरच्या आदिवासी पाड्यावरून कल्याणला येणाऱ्या मुलीस वसतिगृहात खाट मिळाली नाही, तर ती माफी कागदावरच राहते. परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्तीही आहे. पण जागा बोटावर मोजण्याइतक्या. शिवाय केंद्राच्या शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. १९१६ साली कोलंबियात आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला होता. ह्या नियमाने मोजले असते तर त्या अभ्यासासाठी त्यांना एक छदामही मिळाला नसता. वंचितांच्या मुलाने परदेशी जाऊन यंत्र शिकावे, स्वतःच्या समाजाचा अभ्यास करू नये, असा ह्याचा अर्थ होतो. हा नियम लोकशाहीला शोभणारा नाही.

ह्या साऱ्याचे तात्पर्य चार मागण्यांत सांगता येईल. पहिली, सरकारी व अनुदानित महाविद्यालयांतील रिक्त प्राध्यापकपदे भरून आणि नव्या अनुदानित जागा निर्माण करून ‘बाहेर जाण्यावाचून गत्यंतर नाही’ ही स्थिती पालटावी. दुसरी, तालुक्याच्या आणि रेल्वे-जंक्शनच्या ठिकाणी, कल्याणसारख्या शहरांत, सार्वजनिक वसतिगृहे बांधावीत, कारण शुल्कमाफी हे अर्धेच दार आहे. तिसरी, परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांची संख्या वाढवावी, विषयांवरील बंदी उठवावी आणि परतून सार्वजनिक संस्थेत काही वर्षे काम करण्याची अट घालावी. त्याचबरोबर ते काम उपलब्ध करून देण्याची जबाबदारीही शासनाने घ्यावी. चौथी, ह्या सर्वांचा खर्च संपत्ती आणि वारसा ह्यांवरील करांतून उभारावा.

ज्यांची मुले आज परदेशी निघाली आहेत, त्यांनी ह्या मागण्यांना आपला विरोध आहे असे समजू नये. जाणाऱ्याने अवश्य जावे. जग पाहावे, भाषा शिकाव्यात, चांगल्या गुरूपाशी बसावे. ज्ञानाला सरहद्द नसते आणि कोणाच्या पायात बेडी घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु जाणे ही निवड असली पाहिजे. अमेरिकेचा विद्यार्थी आज कर्जाच्या भीतीने घर सोडतो आणि कल्याणचा विद्यार्थी घर गहाण टाकून निघतो. दोघेही ज्या विद्यापीठाच्या दाराशी जातात, ते दार तेथील सामान्य नागरिकांनी सह्या करून, मोर्चे काढून, मते देऊन उघडे ठेवलेले आहे. त्या दारातून आत गेल्यावर कल्याणच्या विद्यार्थ्याने यंत्रशास्त्र आणि संगणकशास्त्र तर शिकावेच. ते दार उघडे कसे राहिले, हेही त्याने विचारून घ्यावे. आणि गावी पत्र लिहील तेव्हा त्याबद्दल चार ओळी अवश्य लिहाव्यात.